पंचचक्रीची वास्तुशांत

काकांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. ईडन प्रेरीतल्या त्या अपार्टमेंटमध्ये ते मी अमेरिकेत यायच्या कितीतरी आधीपासून राहत होते, पण गणपतीची तसबीर टीव्हीच्या खोक्यावर टेकवलेली, घड्याळ खिडकीत उभं केलेलं आणि कॅलेंडर फ्रिजला चुंबकानं चिकटवलेलं. सेंटर टेबल म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन सुटकेसा, वर जुनी चादर. पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा मी कप कुठे ठेवावा या विचारात होते, तर काका म्हणाले, "ठेव गं तिथेच. सध्या तात्पुरतं चालवतोय."

हा शब्द पुढे मी इतक्यांदा ऐकला, की मला तो त्यांच्या नावाचाच भाग वाटायला लागला. सोफा कुणाच्या तरी गराज सेलमधला, तात्पुरता. मिनिव्हॅन कुणाकुणाच्या हातून फिरत आलेली, तात्पुरती. मिनेसोटाची थंडी, जिच्यात नाकातले केससुद्धा कडकडतात, ती काका पुण्याहून आणलेल्या माकडटोपीवर आणि दोन स्वेटरांवर काढत. जाड कोट घेतला नव्हता. "पुढच्या वर्षी परत जायचंय, तिकडे काय करायचं त्या कोटाचं?" असं दर थंडीत म्हणायचे. ग्रीन कार्ड येऊन जमाना झाला होता, तेही पासपोर्टात बुकमार्कसारखं पडलेलं असे.

मी नागपूरची. आमच्याकडे मनात एक, तोंडात एक असं चालत नाही. मी एकदा विचारलंच, "काका, तुम्ही आले होते ना सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी? मग तो प्रोजेक्ट संपला का नाही अजून?" काकू स्वयंपाकघरात हसल्या. काका माझ्याकडे रागानं नाही, दयेनं पाहत होते. नव्यानं आलेल्यांना काय कळणार, असा तो चेहरा.

ऑफिसात ते माझे सीनियर होते. मी त्यांच्या क्यूबमध्ये जाऊन "काका" अशी हाक मारायची, ती आमच्या मॅनेजरनं ऐकली आणि तेच त्यांचं नाव असावं असं समजून तोही काका म्हणायला लागला. ईमेलची सुरुवात "हाय काका", मीटिंगमध्ये "काका, यू वाना टेक दिस?" त्यांच्याहून वयानं मोठा माणूस त्यांना काका म्हणतोय हे पाहून मला हसू आवरायचं नाही. मी म्हटलं, सांगा ना त्याला. काका म्हणाले, राहू दे, मॅनेजर काय, तात्पुरताच असतो.

काकूंबद्दल मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. बुटक्या, चटपटीत, आणि हाताला इतकी चव की त्यांच्याकडची साधी आमटी खाऊन मी घरी जाऊन रडायची. एकदा पोळ्या लाटता लाटता त्यांनी मला त्या सेंटर टेबलाची गोष्ट सांगितली. खालच्या सुटकेसमध्ये, खणाच्या तुकड्यात बांधलेली, चांदीची वास्तुपुरुषाची प्रतिमा होती. त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेली. घर बांधाल तेव्हा लागेल, म्हणाले होते. वास्तुशांतीला ती आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरतात, पालथी, आणि मग ती कायमची त्या घराची. लग्नानंतर आधी कंपनीचं क्वार्टर, मग दिरांचा फ्लॅट, मग हे अपार्टमेंट. वडील गेले, पण प्रतिमा सुटकेसमध्येच.

"मला मोठं घर नको गं," काकू म्हणाल्या. "एकदा माझ्या नावाची वास्तुशांत व्हायला हवी. एवढंच." आणि पोळी तव्यावर टाकून पाठ फिरवली. त्या अशा पाठमोऱ्या झाल्या की पुढे विचारायचं नाही, हे मला एव्हाना कळलं होतं.

तर अशा घरात ट्रेलर शिरला, तो एका अमेरिकन सहकाऱ्यामुळे. त्यानं आम्हाला चार जुलैच्या वीकेंडला उत्तरेकडच्या एका तळ्यावर बोलावलं. तिथे कॅम्पग्राउंडवर त्याची सीझनल साइट होती. म्हणजे मे महिन्यात बर्फ वितळलं की ट्रेलर जागेवर उभा करायचा, नळ, वीज, सगळं जोडायचं, आणि ऑक्टोबरपर्यंत दर वीकेंडला जाऊन राहायचं. पहिलं दव गोठायला लागलं की पाणी बंद, दार बंद. बाहेर लाकडी ओटा, झेंडा, खुर्च्या. आत स्वयंपाकाचा कट्टा, गॅस, पलंग, सगळं. बाकी अमेरिकन लोक हॉट डॉग भाजत होते आणि काका त्या ट्रेलरभोवती प्रदक्षिणा घालत होते.

परतताना गाडीत काका म्हणाले, "काय डोकं आहे बघा या लोकांचं. घर आहे, पण चाकं आहेत." त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच असं घर दिसलं होतं, जे नियमानंच तात्पुरतं होतं. काकू मागच्या सीटवर होत्या. त्यांनी त्या वाक्यातलं फक्त पहिलं अर्धं ऐकलं. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला, आणि मला वाटलं, आता इथून भांडण सुरू.

झालंही तसंच. ट्रेलर दोन प्रकारचे मिळतात. एक साधा ट्रॅव्हल ट्रेलर, जो गाडीच्या मागच्या गोळ्याला अडकवून ओढायचा. दुसरा फिफ्थ व्हील. तो पिकअप ट्रकच्या पाठीवर मान टाकून चालतो. त्या मानेत वर झोपायची खोली असते, दोन पायऱ्या चढून जायची. छत उंच, खिडक्या मोठ्या. काकांचा कौल पहिल्याला, काकूंचा दुसऱ्याला. आणि काकांचा स्वभाव असा, की दूध कुठल्या टक्क्याचं घ्यायचं यावर ते आठवडा घालवत. इथे तर दोन हिवाळे गेले.

दर शनिवारी मी त्यांना डीलरकडे घेऊन जायची. बर्फात काका गाडी चालवत नसत. शिकून काय करायचं, जायचंच आहे. इंटरनेटवरून नकाशांच्या प्रिंट काढून ते पुढच्या सीटवर बसत आणि मी वळण घेऊन झाल्यावर वळण सांगत. डीलरच्या आवारात माकडटोपी घालून ते ओळीनं सगळ्या ट्रेलरांत शिरत, बूट बाहेर काढून. प्रत्येक पलंगावर आडवे होत. डोकं उत्तरेला येत नाही ना हे खिशातल्या होकायंत्रानं पाहत. एका सेल्समनला त्यांनी विचारलं की इथे मोहरीची फोडणी दिली तर धुराचा अलार्म किती वेळात वाजेल. तो बिचारा म्हणाला, मोहरी आम्ही हॉट डॉगवर घालतो सर.

फिफ्थ व्हीलशी त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. ते खाली वाकले, चाकं मोजली, चारच. स्टेपनी धरून पाच म्हणतात का, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, असं असेल तर पुण्यातली माझी जुनी गाडीसुद्धा फिफ्थ व्हीलच होती. सेल्समननं समजावलं की ट्रकच्या पाठीवर जी गोल तबकडी बसवतात, जिच्यावर ट्रेलरची मान टेकते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात. "म्हणजे पाचवं चाक दुसऱ्याच्या गाडीत आणि नाव ह्याचं," काका मला मराठीत म्हणाले. "पहिल्या शब्दातच फसवणूक." त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव पंचचक्री ठेवलं आणि ट्रॅव्हल ट्रेलरचं शेपूट. महाराष्ट्र मंडळात ओळखीपाळखीची माणसं विचारायची, काय काका, शेपूट का पंचचक्री? नव्या माणसाला वाटायचं, ही कुठल्या तरी योगासनांची चर्चा चालली आहे.

खरं म्हणजे वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. सीझनल साइटवर ट्रेलर एकदा उभा केला की वर्षानुवर्षं हलत नाही. डीलरच आणून ठेवतो. ओढायचा कशानं, हा प्रश्नच येत नाही. पण काकांचं एकच पालुपद: "उद्या उठून जायचं झालं तर? शेपूट कसं, कुठल्याही गाडीला लावलं की निघालं. पंचचक्रीला ट्रकच पाहिजे."

"उद्या उठून जायचं ते पुण्याला ना?" काकू म्हणाल्या. "ओढत नेणार आहात का?"

मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीला होती. तिला फोनवर दोन्ही बाजू ऐकवल्या जात. ती एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, इट्स अ हाउस. जस्ट से हाउस." काकांनी फोन काकूंकडे दिला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले, उणे पंधरात, स्वेटरवर.

शेवटी ठरवलं काकूंनी, आणि तेही न बोलता. मार्चमधल्या एका शनिवारी त्या एका फिफ्थ व्हीलमध्ये शिरल्या. त्यात शेगडीच्या वर खिडकी होती आणि दाराला चांगला बोटभर उंच उंबरठा. त्या तिथल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, मी इथे बसते, तुम्ही ठरवून या. काका आवारातली उरलेली शेपटं पाहून आले. काकू तिथेच. सेल्समनला दुकान बंद करायचं होतं. तो माझ्याकडे बघे, मी काकांकडे, काका होकायंत्राकडे. मग काका म्हणाले, बरं, सध्या तात्पुरतं हे घेऊ. काकू उठल्या आणि उतरताना त्यांनी उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मी पाहिलं. काकांनीही पाहिलं असणार.

म्हणूनच तर पुढचं भांडण मला जास्त लागलं. मे महिन्यात पंचचक्री साइटवर येणार, तर पूजा कसली करायची? काकू म्हणाल्या, वास्तुशांत. काका म्हणाले, नंबरप्लेट आहे ना तिला? मग वाहनपूजा. ज्याला नंबरप्लेट असते त्याची वास्तुशांत करत नाहीत. काकू म्हणाल्या, ज्यात मी स्वयंपाक करते त्याच्या चाकाखाली लिंबू ठेवत नाहीत. दोन्ही मुद्दे मला बरोबर वाटत होते, त्यामुळे मी माझ्या स्वभावाविरुद्ध तोंड मिटून बसले.

निकाल लावला कॅम्पग्राउंडच्या मालकिणीनं. ही साठीपुढची बाई गोल्फ कार्टमधून दिवसभर गस्त घालायची आणि तिच्या कागदावर पहिलाच नियम होता की साइटवर खणायचं नाही. जमिनीखाली विजेच्या तारा आहेत. काकांनी तो नियम काकूंना मोठ्यानं वाचून दाखवला. प्रतिमा पुरायची कुठे? प्रश्नच मिटला. त्यांना इतकं सुटल्यासारखं वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी आणलेली खणाची पुरचुंडी पिशवीत परत ठेवली. मला काकांचा असा राग आला, की त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

वाहनपूजा झाली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. ट्रक चालवणारा पोरगेला माणूस लिंबांवरून पुढे गेला, पण काकांना ट्रेलर त्या जागी पटेना. होकायंत्र हातात धरून त्यांनी त्याला पुढे-मागे, तिरकं, परत सरळ असं इतक्यांदा करायला लावलं, की तो शेवटी खाली उतरून सिगरेट ओढत बसला. काय पाहिजे काय तुम्हाला, मी विचारलं. "वारा," काका म्हणाले. "वारा नीट यायला हवा." शेवटी पंचचक्री शेजारच्या सगळ्या ट्रेलरांना तिरकी अशी उभी राहिली. काकू आत जाऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, स्वयंपाकघर बरोबर आग्नेयेला आलं, योगायोगानं. त्यांचा आवाज कोरडा होता.

पुढची वर्षं मात्र फार छान गेली. काकूंनी पहिल्याच महिन्यात आयुष्यातला पहिला खिळा ठोकला. ट्रेलरची भिंत ती केवढी, खिळा पार बाहेर निघाला. काकांनी बाहेरून त्याच्या टोकाला बुचाचा तुकडा लावला, तात्पुरता. तो शेवटपर्यंत तिथे होता. गणपतीची तसबीर एकदाची टांगली गेली. ओट्यावर कुंडीत तुळस आली. थंडीत ती गाडीत मांडीवर घेऊन अपार्टमेंटमध्ये आणायची आणि मे महिन्यात परत न्यायची, हे काम काकांचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी, ट्रेलरच्या कडेला, एक गुळगुळीत गोल दगड होता. जेवायच्या आधी पहिला घास काकू कावळ्यासाठी त्या दगडावर ठेवायच्या. कावळा काही येत नसे, खारी येत. "इथे पितर खारीच असतील," काकू म्हणायच्या.

मग दोन हजार आठ उजाडलं आणि ऑफिसातून लोक खोकी घेऊन बाहेर पडायला लागले. काकांचा नंबर लागला तेव्हा मॅनेजर खरंच हळहळला. "काका, आय ॲम सो सॉरी," म्हणाला. काकांनी खोकं भरायला घेतलंच नाही, कारण टेबलावर त्यांचं काहीच नव्हतं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की हीच ती पुढच्या वर्षीची वेळ. आता परत जायचं. एवढी वर्षं जे बोललो ते खोटं ठरायला नको, असा काहीसा त्यांचा आविर्भाव होता. तिकिटं काढली. पंचचक्रीला गिऱ्हाईक मिळालं, मोठा पिकअप असलेला एक निवृत्त माणूस. काकूंनी विरोध केला नाही. आवराआवर करत राहिल्या, आणि तुळस मला देऊन टाकली. विरोध केला असता तर मला बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरात ट्रेलर ताब्यात द्यायला आम्ही तिघं गेलो. गिऱ्हाइकानं ट्रक मागे घेऊन तबकडी मानेखाली आणली. तो साखळ्या जोडत होता, तेवढ्यात काका म्हणाले, वन मिनिट. आत गेले आणि उलथनं घेऊन आले. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी चक्क पोटावर आडवे झाले, तो गोल दगड बाजूला केला आणि खणायला लागले. मला वाटलं, धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला. काकू जागच्या जागी उभ्या.

नेमकी गोल्फ कार्ट आली. काका घाबरून उठले, गुडघ्यांना माती. मालकीण उतरली, खड्ड्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली की त्याला वर नको काढूस. राहू दे इथेच. तिला वाटत होतं तिथे मांजर पुरलेलं आहे.

मग सगळं तिनंच सांगितलं. पहिल्या वर्षी, ट्रेलर आला त्याच्या दुसऱ्याच पहाटे, ती फेरी मारत होती. गवतावर दव गोठलेलं. आणि हा माणूस उघडाबंब, कमरेला टॉवेलसारखं काहीतरी, डोक्याला लोकरीची टोपी, जमिनीत काहीतरी पुरतोय, पुटपुटतोय, आणि डोळे पुसतोय. तिला वाटलं, लाडकं मांजर गेलं असणार. नियम मोडला होता खरा, पण अशा माणसाला काय बोलायचं? म्हणून ती गप्प राहिली. तो गोल दगडही तिनंच तळ्यावरून आणून ठेवला होता. खूण असावी म्हणून.

काकू काकांकडे पाहत होत्या. मग गाडीतल्या सामानातून त्यांनी ती खणाची पुरचुंडी काढली. त्या दिवसानंतर त्यांनी तिची गाठ कधी सोडलीच नव्हती. आता सोडली. आत चांदीचं काही नव्हतं, एक सुपारी होती. देवाची मूर्ती हाताशी नसली की आपण तिच्या जागी जी ठेवतो, ती साधी पूजेची सुपारी.

"अहो," काकू म्हणाल्या. "मला सांगितलं का नाहीत?"

काका उलथन्यावरची माती बोटानं काढत राहिले. "सांगितलं असतं तर मग राहायलाच लागलं असतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला भडभडून आलं. एवढी वर्षं मी ह्या माणसाला मनातल्या मनात चिक्कू, चेंगट, काय काय म्हटलं होतं. आणि त्यानं माकडटोपी घालून, उघड्या अंगानं, गोठलेल्या दवात बायकोची वास्तुशांत उरकली होती, आणि ती झाल्याचं तिलाच कळू दिलं नव्हतं. बाप्पा, असा माणूस असतो का कुठे?

काकू खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी माती परत खड्ड्यात लोटायला लागल्या. "वास्तुपुरुष एकदा पुरला की वर काढत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, ट्रक सोडवा म्हणावं."

"अगं पण तिकिटं?"

"ती तात्पुरती काढली असतील," काकू म्हणाल्या, आणि दगड नीट जागेवर ठेवला.

गिऱ्हाईक भला माणूस होता. त्याला काय समजलं कोण जाणे, मालकिणीनं त्याला बाजूला घेऊन मांजराचं सांगितलं असावं. त्यानं टोपी काढली, काकांचा हात हातात घेतला आणि रिकामा ट्रक घेऊन निघून गेला. तिकिटं कॅन्सल केली. थोड्या दिवसांनी काकांना कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं. किती दिवसांचं, विचारलं, तर म्हणाले सहा महिन्यांचं. मी हसले, तर या वेळी तेही हसले.

तुळस परत द्यायला मी त्यांच्याकडे गेले तेव्हा पहिला बर्फ पडून गेला होता. दारात काका उभे, अंगात जाड, गुडघ्यापर्यंतचा, नवाकोरा कोट. डोक्यावर माकडटोपी तीच. मी डोळे फाडून पाहत राहिले. बाहीतून किमतीचं लेबल लोंबत होतं. ते म्हणाले, राहू दे ते लेबल, बिल जपून ठेवलंय, महिन्याभरात परत करता येतो. काकू आतून आल्या. त्यांनी काकांचा हात धरून पुढे ओढला, बाही तोंडाशी नेली आणि ते लेबल दातांनी तोडून टाकलं.